मोटर सुरू झाली की कॉम्प्युटर रीस्टार्ट: माझा अनुभव

लक्षण असं: पाण्याची मोटर लावली की ट्यूबलाइट मिणमिणायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एक एसएमपीएस त्यातच जळला.

आधी स्पाइक गार्ड बदलला. उपयोग शून्य, कारण तो फक्त वाढलेला विजेचा दाब (व्होल्टेज) छाटतो, पडलेला उचलत नाही. मग ६०० व्हीएचा यूपीएस आणला. तो दिवसभर टक-टक करत बॅटरीवर जायचा आणि वर्षाच्या आत बॅटरी बसली. दोन वर्षं या त्रासात गेली.

शेवटी मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून सॉकेटवर मोजलं. एरवी २२६, मोटर चालू असताना १७२. मग वायरमनला मेन बोर्डावर मोजायला लावलं. मीटरच्या बाजूने २२४, मेन स्विचच्या पुढे १७४. म्हणजे दोष घरातच होता.

पुढचा क्रम महत्त्वाचा. मेन स्विच बंद केला, मीटरकडची बाजू जिवंतच असते म्हणून वायरमनने आधी टेस्टरने खात्री केली. न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू ढिला होता, तारेचं टोक काळं पडून इन्सुलेशन वितळलेलं. जळका भाग कापला, तांबं उघडं केलं, तारेच्या टोकावर नवा लग (धातूचं टोपण) दाबून बसवला, स्क्रू घट्ट आवळला. स्विचमधला न्यूट्रलचा पोलही (जोडणीची जागा) जळका होता, म्हणून स्विचच बदलला. त्यानंतर मोटरला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) दिली.

आता मोटर चालू असताना सॉकेटवर २१९. यूपीएसची टक-टक थांबली.

न्यूट्रल पूर्ण सुटला नव्हता हे नशीब. थ्री-फेज, म्हणजे तीन जिवंत तारांच्या (फेजच्या) जोडणीत तो सुटला तर एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं, म्हणून दिवे अचानक प्रखर झाले तर आधी मेन बंद करा.