नाशकात नवीन आहात आणि रात्री दाढ ठणकतेय?

परभणीहून आम्ही २००८ साली नाशकात आलो. मालक अंबडच्या कंपनीत लागले, मी सिडकोत खानावळ सुरू केली. दरवर्षी आपल्याकडची नवी पोरं जेवायला येतात आणि थंडी पडली की कुणाची तरी दाढ ठणकतेच. खोलीत चौघं, चौघंही नवखे. म्हणून लिहितेय.

आधी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भरा. कधी कधी फटीत नुसता घास अडकलेला असतो. तो दोऱ्यानं काढा, टाचणीनं कोरू नका.

मग लवंग. तेल असेल तर एक थेंब, त्यात चार थेंब गोडंतेल. कापसाचा हरभऱ्याएवढा बोळा भिजवून फक्त किडक्या खड्ड्यात ठेवा. नुसतं तेल हिरडीला लागलं तर भाजतं. तेल नसेल तर अख्खी लवंग त्या दाढेखाली हलकेच धरा, चावू नका. लवंगेतल्या युजेनॉलनं जागा बधिर होते, कीड मात्र तिथंच राहते.

गालाला बाहेरून फडक्यात बांधलेला बर्फ पंधरा मिनिटं लावा. शेकू नका. झोपताना दोन उश्या घ्या, आडवं पडलं की ठणका वाढतो.

गोळी दाढेवर ठेवायची नाही, गिळायची. हे मी प्रत्येकाला दहादा सांगते. २०११ साली शेजारणीचं ऐकून मी दुखण्याची गोळी हिरडीशी दाबून झोपले. सकाळी हिरडी पांढरीफटक, कातडं सोललेलं. पुढं दहा दिवस गोळ्यांवर काढले आणि एक दिवस ठणका आपोआप थांबला. वाटलं, बरं झालं. आत नस मेली होती. महिन्यानं गाल सुजून डोळा मिटला, दाढ काढावी लागली, तीन दिवस खानावळ बंद. अजून उजवीकडनं भाकरी चावत नाही.

पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, लागली तर सहा तासांनी दुसरी. आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा पोटुशी असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका.

आपली माणसं सोसण्यात पक्की. तंबाखूची चिमूट दाढेत धरून महिनोन्महिने काढतात, सुट्टी बुडेल म्हणून डॉक्टर टाळतात. नाशिककर शेजारी रात्री अकरालाही लवंग देतील, पण डॉक्टरकडं तुम्हालाच जायचंय. ठणका थांबला तरी दोन दिवसांत जा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कार्ड घेऊन सातपूरचं कामगार विम्याचं रुग्णालय गाठा. नसेल तर पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात सकाळीच नंबर लावा, खाजगीपेक्षा स्वस्त पडतं.

सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं सरकली, ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, तर सकाळची वाट बघू नका. तडक त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला. रिक्षाला पैसे नसतील तर माझं दार वाजवा, कितीही वाजलेले असोत.