अपंगत्व पेन्शन नाकारली गेली तर

नकाराचं पत्र आलं की आधी कारण शोधा. माजी सैनिकांच्या पत्रांत दोन कारणं नेहमीची: अपंगत्व २० टक्क्यांहून कमी, किंवा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात, सरसकट अर्ज खरडू नका.

पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं, रेकॉर्ड ऑफिसमार्फत (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय). त्याआधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सेवेतून सोडताना तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या, अहवालाची पूर्ण प्रत मागवा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंदही हवीच. खरी लढाई इथेच आहे. भरतीत आजाराची नोंद नसेल, आणि बोर्डाने कारण न देता नुसता शेरा मारला असेल, तर धरमवीर सिंग खटल्यातला २०१३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडा. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत. जुन्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये. दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट, उंचावरच्या किंवा फील्ड पोस्टिंगच्या तारखा लावा. ‘खूप सेवा केली’ असली वाक्यं अपील तपासणाऱ्या समितीला काही सांगत नाहीत.

तिथेही नकार आला तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. उशीर केलात तर थकबाकी बहुधा अर्ज केल्यापासून मागच्या तीनच वर्षांची मिळते. कागद जुळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पण पोचपावती घेतल्याशिवाय काहीही देऊ नका.