शार्कचा प्रोग्राम पोरांसोबत कसा बघायचा

आधी एक करा, पहिली पाच मिनिटं टीव्ही म्यूट करून बघा. एक मासा पोहतोय, बास, एवढंच दिसतं. मग आवाज चालू करा, ते धडधडतं म्युझिक आलं की तोच मासा खुनी वाटायला लागतो. २०१६ मधे अमेरिकेतल्या संशोधकांचा यावरच पेपर आला, २,१०० लोक, ६० सेकंदांची शार्कची क्लिप, कुणाला भीतीदायक म्युझिक, कुणाला प्रसन्न, कुणाला काहीच नाही, आणि भीतीदायकवाल्यांचं शार्कबद्दलचं मत सगळ्यात वाईट झालं. पोरांना हा प्रयोग फार आवडतो, त्यांनाच रिमोट द्या.

मग बघा बोलतंय कोण. स्क्रीनवर 'शास्त्रज्ञ' म्हणून नाव आलं की लगेच मोबाईलवर शोधा, खरा असेल तर त्याची संस्था, पेपर काहीतरी सापडतंच. २०१३ मधे डिस्कव्हरी चॅनलने शार्क वीकमधे (दरवर्षीचा त्यांचा शार्कचा खास आठवडा) मेगालोडॉन हा प्राचीन काळातला राक्षसी शार्क अजून जिवंत असेल असा प्रोग्राम दाखवला, त्यातले शास्त्रज्ञ चक्क नट होते! मेगालोडॉन लाखो वर्षांपूर्वीच संपलाय. विज्ञानाचं चॅनल म्हणून लोक विश्वास ठेवतात, त्यांना असं फसवणं मला अजिबात पटत नाही.

पाण्यात काय टाकलंय तेही बघा. शार्क जबडा उघडून पाणबुड्याच्या पिंजऱ्यावर येतो तेव्हा बहुतेक वेळा समोर आमिष लटकवलेलं असतं, कॅमेरा ते नीट दाखवत नाही. पोरांना विचारा, हा का आला असेल?

आकडे दोन्ही बाजूचे सांगा. जगभरात वर्षाला माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या घटना साधारण ६०-७०, मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत, आणि आपण मासेमारीत मारतो ते वर्षाला कोटींमधे. भीतीचा परिणाम टीव्हीपुरता राहत नाही हो, २०१४ मधे पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रेट व्हाइट या मोठ्या शार्कच्या भीतीने सरकारने गळ लावले, त्यात एकही ग्रेट व्हाइट सापडला नाही, मेले ते मुख्यतः टायगर शार्क.

चांगली फिल्म काय करू शकते तेही सांगाच. फिल्ममेकर माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरची व्हेल शार्कची कत्तल 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या फिल्ममधे दाखवली, आणि २००१ मधे व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आला, हे संरक्षण मिळालेला भारतातला पहिलाच मासा. त्यामुळे प्रोग्राम संपल्यावर विचारा, यात शार्क वाचवायला काय करायचं ते सांगितलं का? नसेल तर चॅनलला तसं लिहा, मुलांकडून लिहून घेतलं तर अजून छान.

आणि कोकणातले, मुंबईतले असाल तर बाजारात मुशी, मोरी दिसली की पोरांना दाखवा, हाही शार्कच आहे. शार्कच्या ५०० हून जास्त जाती आहेत, टीव्हीवर त्याच त्याच तीन-चार फिरतात. कोळणीला विचारा कुठली मुशी, कुठून आली, पूर्वी केवढी यायची. त्या भरपूर सांगतात.