व्हर्टिओची क्यू स्वतः लिहायचीये? मग इथून सुरू करा

व्हर्च्युअल मशीनमधल्या ड्रायव्हरचं दुखणं काय असतं ते आधी बघू. गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या ओएसला, वाटतं आपण खऱ्या नेटवर्क कार्डाशी किंवा डिस्कशी बोलतोय, पण तो कार्डाच्या रजिस्टरला हात लावतो तेव्हा प्रत्येक वेळी सीपीयू गेस्टमधून बाहेर पडतो, हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, बघतो की याला काय पाहिजे, नक्कल करतो आणि परत आत पाठवतो. एका पॅकेटसाठी असे चारपाच हेलपाटे झाले की स्पीडचा बट्ट्याबोळ. म्हणून रस्टी रसेलने व्हर्टिओ आणलं, २००८ च्या जानेवारीत लिनक्स २.६.२४ मधे ते आलं आणि नंतर ओॲसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने त्याचं रीतसर स्टँडर्ड केलं. आयडिया साधी आहे, खोटं हार्डवेअर कशाला, दोघांच्या मधे थोडी मेमरी ठेवा, गेस्टने त्यात बफरचे पत्ते लिहायचे, काम झालं की होस्टने, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनने, त्यातच कळवायचं, आणि बेल फक्त गरज पडली तरच वाजवायची. या मेमरीला म्हणतात व्हर्टक्यू.

ही क्यू म्हणजे नुसती रिंग नाहीये, कुठला बफर या क्षणाला कुणाच्या ताब्यात आहे याचा तो हिशोब आहे. रिंगचं गणित दहा मिनिटात जमतं, पुढे जे बग येतात ते जवळजवळ सगळे ताब्याचे आणि क्रमाचे असतात, त्यामुळे खाली प्रत्येक पायरीला हेच बघत जाऊ.

प्रॅक्टिससाठी क्यूएमू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचं रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवालं 'व्हर्ट' मशीन घ्या आणि शेजारी एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या छोट्या ओएसचा डिस्क ड्रायव्हर उघडून ठेवा, छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. डिव्हाइस जोडायच्या पीसीआय पद्धतीच्या फंदात आत्ता पडू नका, एमएमआयओ घ्या, त्यात डिव्हाइसचे रजिस्टर सरळ मेमरीच्या पत्त्यांवर दिसतात. पहिलं डिव्हाइस हेक्स १०००१००० या पत्त्यावर असतं. तिथला पहिला शब्द वाचला की हेक्स ७४७२६९७६ यायला पाहिजे, पुढच्या शब्दात व्हर्जन, त्याच्या पुढच्यात डिव्हाइसचा प्रकार, नेटवर्कला १ आणि डिस्कला २. व्हर्जन २ च्या जागी १ दिसलं तर कोडमधे काही शोधू नका, क्यूएमू एमएमआयओला बाय डिफॉल्ट जुन्या पद्धतीनेच चालू करतो, कमांड लाइनवर ग्लोबल ऑप्शन देऊन व्हर्टिओ-एमएमआयओचं फोर्स-लेगसी फॉल्स करावं लागतं. बरेच लोक इथेच संध्याकाळ घालवतात.

आता मेमरी. क्यूचे तीन भाग. डिस्क्रिप्टर टेबल, ज्यात एकेका बफरची नोंद म्हणजे डिस्क्रिप्टर, १६ बाइटची, ८ बाइट पत्ता, ४ बाइट लांबी, २ बाइट फ्लॅग आणि २ बाइट पुढच्या नोंदीचा नंबर. मग अव्हेलेबल रिंग, ही गेस्ट लिहितो आणि डिव्हाइस, म्हणजे होस्टची बाजू, वाचतो. आणि यूज्ड रिंग, ही डिव्हाइस लिहितो आणि गेस्ट वाचतो. एक्सव्ही६ मधे क्यूचा साइज फक्त ८ आहे, म्हणजे टेबल १२८ बाइट, अव्हेलेबल २२ आणि यूज्ड ७०, प्रत्येकाला एकेक पूर्ण पेज दिलं तरी काही बिघडत नाही आणि अलाइनमेंटची कटकट मिटते. तिन्ही पेज आधी शून्य करून घ्या. साइज २ च्या पटीत नाही, २ च्या घातात पाहिजे, ८, १६, ३२ असा, कमाल ३२७६८.

पत्ते देताना फिजिकल पत्ते द्यायचे, व्हर्च्युअल नाही. गेस्टचा 'फिजिकल' म्हणजे होस्टच्या दृष्टीने फिजिकल नसतोच म्हणा, पण ते भाषांतर क्यूएमूचं काम, आपण आपल्या गेस्टपुरता खरा पत्ता द्यायचा. एक्सव्ही६ मधे कर्नलची रॅम जशीच्या तशी मॅप आहे म्हणून पॉइंटर तसाच टाकला तरी चालतो, आणि तोच कोड उचलून दुसऱ्या कर्नलमधे नेला की गुपचूप भलत्याच मेमरीत लिहिलं जातं.

चालू करायचा क्रम ठरलेला आहे, त्यात शॉर्टकट नको. स्टेटस रजिस्टर ऑफसेट हेक्स ७० ला. तिथे आधी ० लिहून रिसेट, मग १ म्हणजे डिव्हाइस दिसलं, मग त्यात २ मिळवून ३ म्हणजे चालवता येतं, मग फीचर वाचायचे, आपल्याला झेपतील तेवढेच परत लिहायचे, ८ मिळवून ११ लिहायचं आणि स्टेटस पुन्हा वाचून तो ८ टिकला का ते बघायचं, टिकला नाही तर डिव्हाइसला आपली निवड मान्य नाही. फीचर ३२-३२ बिटच्या तुकड्यात येतात, आधी सिलेक्टरमधे ० किंवा १ टाकायचं आणि मग वाचायचं, आणि नव्या व्हर्जनची खूण ३२ नंबरच्या बिटला असते म्हणजे दुसऱ्या तुकड्यातला पहिला बिट, तो घ्यायला विसरू नका. सुरुवातीला इव्हेंट इंडेक्स, इनडायरेक्ट वगैरे जादा सोयी सगळ्या नाकारा. मग क्यू नंबर ० निवडा, रेडी आधीच १ नाही ना ते बघा, कमाल साइज वाचा, आपला साइज लिहा, तिन्ही पत्ते लो-हाय करून लिहा, रेडी १ करा. सगळ्यात शेवटी स्टेटस १५. त्याच्या आधी बेल वाजवायची नाही.

आता खरं काम, डिस्कवरून एक ब्लॉक वाचायचाय समजा. याला एकमेकांना जोडलेले तीन डिस्क्रिप्टर लागतात, या साखळीला म्हणतात चेन. पहिला १६ बाइटच्या हेडरला, त्यात वाचायचंय की लिहायचंय आणि कुठला सेक्टर, सेक्टर नेहमी ५१२ बाइटचा धरतात त्यामुळे तुमचा ब्लॉक १०२४ चा असेल तर ब्लॉक नंबरला २ ने गुणा. दुसरा डेटाला. तिसरा एका बाइटला, ज्यात डिव्हाइस निकाल लिहितो, ० म्हणजे ठीक. पहिल्या दोघांवर 'पुढे अजून आहे' हा फ्लॅग, किंमत १. आणि २ किंमतीचा फ्लॅग आहे 'लिहिता येईल', इथे भले भले गडबडतात कारण तो डिव्हाइसच्या बाजूने वाचायचा असतो. आपण डिस्क *वाचतोय* म्हणजे डिव्हाइस आपल्या बफरमधे *लिहिणार*, म्हणून वाचताना डेटावर २ लावायचा आणि डिस्कवर लिहिताना नाही लावायचा. निकालाच्या बाइटवर मात्र कायम. आणि त्या बाइटमधे आधी २५५ भरून ठेवा, नाहीतर डिव्हाइसने हातच लावला नाही तरी ० बघून तुम्ही खूश व्हाल.

तीन डिस्क्रिप्टर घ्यायचे तर तिन्ही एकदम मिळाले तरच घ्या. साइज ८ असताना दोनच रिक्वेस्ट बसतात, सहा जातात आणि दोन उरतात, तिसरा प्रोसेस येऊन ते दोन धरून बसला, आणि असेच दोघंतिघं अर्धवट अडकले की सगळे एकमेकांची वाट बघत राहतात. म्हणून तिसरा नाही मिळाला तर घेतलेले दोन सोडून द्यायचे आणि झोपायचं, कुणी चेन मोकळी केली की उठून पुन्हा ट्राय करायचा.

आता ताबा द्यायची वेळ. अव्हेलेबल रिंगमधे इंडेक्स भागिले साइज करून जी बाकी येते त्या जागी चेनच्या पहिल्या डिस्क्रिप्टरचा नंबर लिहा, फक्त पहिल्याचा, बाकीचे डिव्हाइस स्वतः शोधतो. मग मेमरी बॅरियर, म्हणजे आधीचं लिहिणं पुढच्याच्या आधीच दिसलं पाहिजे अशी सूचना. मग इंडेक्स एकने वाढवा. मग परत बॅरियर. मग हेक्स ५० ला क्यूचा नंबर लिहा, ही झाली किक, म्हणजे वर म्हटलेली बेल. पहिला बॅरियर काढला तर कंपायलर किंवा सीपीयू इंडेक्स आधी आणि नोंद नंतर दाखवू शकतो आणि डिव्हाइस जुना कचरा उचलतो, आणि वैताग असा की एक्स८६ वर हे बहुतेक वेळा दिसतच नाही, आर्मवर नेलं की दिसतं. अजून एक, इंडेक्सला कधीही साइजने गुंडाळू नका, तो १६ बिटचा आकडा आहे, ६५५३५ नंतर आपोआप ० होतो, बाकी काढायची ती फक्त रिंगमधली जागा शोधताना.

इंडेक्स वाढवला त्या क्षणापासून ते बफर तुमचे नाहीत. हेडर फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमधे ठेवलंत आणि फंक्शन काम व्हायच्या आत परतलं, तर डिव्हाइस तुमच्या स्टॅकवरचं भलतंच काहीतरी हेडर म्हणून वाचणार. एक्सव्ही६ ने त्यासाठी प्रत्येक डिस्क्रिप्टरमागे एक असा ग्लोबल ॲरे ठेवलाय, तसंच करा.

इंटरप्ट आला की आधी इंटरप्ट स्टेटस वाचून ॲक म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टरमधे लिहा आणि *मग* यूज्ड रिंग बघा. उलटं केलंत तर रिंग बघून झाल्यावर आणि ॲक लिहायच्या आधी जे काम पूर्ण झालं त्याचा इंटरप्ट पुसला जातो आणि तो प्रोसेस झोपूनच राहतो, आणि हे रोज होत नाही, लोड आला की होतं. रिंगमधे आपण शेवटचं कुठवर बघितलं तो आकडा आपल्याकडे ठेवायचा आणि डिव्हाइसच्या इंडेक्सपर्यंत लूप चालवायचा, एका इंटरप्टला एकच काम झालं असेल असं धरायचं नाही. इंडेक्स वाचल्यावर इथेही बॅरियर लागतो. यूज्ड नोंदीतला आयडी म्हणजे चेनच्या डोक्याचा नंबर. कामं दिल्याच्या क्रमाने परत येतील याची गॅरंटी नाही, तिसरं पहिल्याच्या आधी येऊ शकतं, म्हणून आयडी बघूनच कुणाला उठवायचं ते ठरवा. चेनचे तिन्ही डिस्क्रिप्टर मोकळे झाल्यावर हिशोब पूर्ण.

नेटवर्क कार्ड करणार असाल तर फरक एवढाच, घेण्याची क्यू ० आणि पाठवण्याची १, आणि घेण्याच्या क्यूमधे आधीच रिकामे बफर भरून ठेवावे लागतात, कारण पॅकेट विचारून येत नाही. साध्या सेटिंगला एकेक बफर १५२६ बाइटचा, १२ बाइट व्हर्टिओचं हेडर आणि १५१४ ची फ्रेम. पॅकेट उचललं की लगेच नवा बफर टाका, नाहीतर थोड्या वेळाने नेटवर्क 'आपोआप' बंद पडतं.

एवढं चाललं की मग बेल कमी करायच्या मागे लागा, स्पीड खरा तिथे आहे. साधा उपाय म्हणजे दहा रिक्वेस्ट टाकून एकच किक. त्यापुढे यूज्ड रिंगच्या फ्लॅगमधे डिव्हाइस सांगू शकतो की मी जागाच आहे, उठवू नको, आणि तुम्ही अव्हेलेबलच्या फ्लॅगमधे सांगू शकता की इंटरप्ट नको, मी स्वतः बघतोय. इव्हेंट इंडेक्स घेतलं की फ्लॅगऐवजी 'अमुक नंबरला पोचलास की उठव' असं सांगता येतं, पण तिथे १६ बिटचं वजाबाकीचं गणित नीट लिहा, साधं मोठं-लहान तपासलं तर ६५५३५ च्या पुढे फसतं. आणि इंटरप्ट परत चालू केल्यावर रिंग पुन्हा एकदा बघायचीच, मधल्या फटीत काही येऊन पडलेलं असू शकतं. लिनक्समधे कॉलबॅक चालू करायचं फंक्शन फॉल्स परत देतं ते याचसाठी, तो रिटर्न व्हॅल्यू टाकून देऊ नका.

ज्यांना कोड लिहायचा नाहीये, नुसती मशीन वेगात पळवायचीये, त्यांच्यासाठी थोडक्यात. क्यूएमूमधे नेटवर्कच्या क्यूचा डिफॉल्ट साइज २५६ आहे, घेण्याचा १०२४ पर्यंत नेता येतो, घाईच्या ट्रॅफिकला पॅकेट गळत असतील तर वाढवा, पण उगाच नको, लांब क्यू म्हणजे पॅकेट जास्त वेळ ताटकळणार. अनेक सीपीयू असतील तर एक मोठी क्यू करण्यापेक्षा जास्त क्यू बऱ्या. नेटवर्कला एमक्यू (अनेक क्यू) ऑन करून वेक्टर (इंटरप्टचे नंबर) क्यूच्या जोड्यांच्या दुप्पट अधिक दोन द्या, म्हणजे चार जोड्यांना १०, आणि गेस्टमधे इथटूल या कमांडने तेवढ्या चॅनल चालू आहेत का ते तपासा. डिस्कला क्यूएमू ५.२ पासून सीपीयूएवढ्या क्यू आपोआप मिळतात, मशीनचा प्रकार जुना ठेवला असेल तर नाही मिळत. आणि व्हीहोस्ट चालू आहे ना ते बघा, लिनक्स २.६.३४ पासून असलेल्या या सोयीत होस्टचा कर्नलच रिंग वाचतो, प्रत्येक पॅकेटला क्यूएमूकडे जावं लागत नाही.

पॅक्ड रिंग म्हणून नवा प्रकार व्हर्टिओ १.१ मधे आला, तीन भागांच्या जागी एकच रिंग, कॅशला बरी. साधी क्यू पूर्ण कळल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

अडकलात तर क्यूएमूचे एरर नीट वाचा, ते उगाच नसतात. 'गेस्टने यूज्ड इंडेक्स इतक्यावरून इतक्यावर नेला' असं आलं तर नाव यूज्डचं असलं तरी घोळ तुमच्या अव्हेलेबल इंडेक्समधे आहे, तो साइजपेक्षा जास्त उडी मारतोय, बहुतेक रिसेटनंतर जुना आकडा राहिलाय किंवा पत्ता चुकलाय. 'डिस्क्रिप्टरचा क्रम चुकीचा' म्हणजे डिव्हाइसने लिहायचा बफर वाचायच्या बफरच्या आधी लावलाय, वाचायचे सगळे आधी आणि लिहायचे सगळे नंतर असाच नियम आहे. शून्य लांबीचा बफर तर चालतच नाही. आणि अशा एररनंतर डिव्हाइस गप्प बसतो, किक मारत राहून काही होत नाही, स्टेटसमधे ६४ चा बिट दिसला की पुन्हा ० लिहून पहिल्यापासून सुरू करायचं.