अननस घरी साठवताना या चुका टाळा: अख्खा, चिरलेला आणि डब्यातला

अननस आंबट आहे म्हणजे तो आपसूक टिकेल, हा समज बहुतेक चुकांच्या मुळाशी असतो. अननसाच्या गराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण 3.2 ते 4.0 असतो. एवढ्या आम्लात बोट्युलिझमचा (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) जंतू वाढत नाही, हे खरं. पण यीस्टला आणि बुरशीला हे आम्ल अडवत नाही. साखर, ओलावा आणि ऊब मिळाली की त्यांचं फावतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात या तिन्हींची वाण नसते. शिवाय उघडलेल्या पत्र्याच्या डब्याचं कथिल खातं तेही हेच आम्ल.

कच्चा आणून पिकायची वाट पाहणं

आंबा, केळं, चिकू अढीत गोड होतात, कारण तोडताना त्यांच्यात स्टार्च भरलेला असतो आणि त्याची पुढे साखर होते. अननसात असा साठा नसतो. त्याची साखर पानांत तयार होऊन देठातून फळात येते. देठ कापला की तो पुरवठा संपला. घरी ठेवल्यावर साल पिवळी पडते, फळ थोडं मऊ होतं, वास वाढतो, पण गोडी होती तेवढीच राहते. तांदळात पुरणं, केळ्यांबरोबर पिशवीत बांधणं, शेंड्यावर उलटा उभा करणं, यांपैकी कशानेही त्यात साखर येत नाही.

म्हणून पारख बाजारातच करा. बुडाचा वास घ्या: गोड, स्वच्छ वास हवा. आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर आत फसफसायला लागलं आहे. बुडाकडे अंगठा दाबून पाहा, किंचित दबलं तर ठीक. खड्डा पडला किंवा रस सुटला तर घेऊ नका. नुसत्या रंगावर जाऊ नका, पावसातला अननस साल हिरवट असूनही आतून तयार असू शकतो. शेंड्याचं पान सहज उपटलं म्हणजे फळ पिकलं, या परीक्षेवरही विसंबू नका. कुजायला लागलेल्या फळाचंही पान तसंच उपटतं.

ओला अननस फरशीवर उभा करून ठेवणं

घरी आणलेला अननस बुडाकडून काळा-पाणचट होतो, तो बहुधा एका बुरशीमुळे. ती देठाच्या ताज्या कापातून किंवा सालीवरच्या मारातून आत शिरते, आणि फळ ओलं असेल तर झपाट्याने पसरते. बाहेरून साल शाबूत दिसते, दाबल्यावर मात्र आत पाणी लागतं. काजूच्या बागेत लावलेला गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांकडचा अननस भर पावसात येतो तेव्हा हे हमखास घडतं.

आणल्यावर तो धुऊ नका. शेंडा खाली करून बाहेरच झटका, म्हणजे पानांतल्या मुंग्या पडतील. सुक्या कापडाने पुसा, बूड विशेष कोरडं करा. शेंडा पिळून काढू नका, तिथे नवी जखम होते. बांबूच्या टोपलीत किंवा जाळीवर आडवा ठेवा आणि दिवसातून एकदा फिरवा. बंद प्लास्टिक पिशवी नको. पिकलेलं फळ असं 2 ते 3 दिवस चांगलं राहतं.

चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधलेल्या अननसाचीही हीच गोष्ट. टांगलेला असल्याने त्याला मार लागत नाही आणि हवा खेळते, पण खाली समई-धुपाची ऊब आणि बाहेर पाऊस असतो. त्यामुळे घट्ट, नुकता भरलेला अननसच बांधायला निवडा. पाच दिवसांचा गणपती असेल तर रोज बुडाला हात लावून पाहा. मऊ लागला तर विसर्जनाची वाट न पाहता उतरवा. उतरवल्यावर त्याच दिवशी चिरा.

अख्खं फळ आठवडाभर फ्रिजमध्ये कोंबणं

अननस उष्ण प्रदेशाचं फळ. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस राहिला तर त्याला थंडी बाधते: शेंडा मलूल होतो, साल निस्तेज पडते आणि मधल्या दांड्याजवळचा गर तपकिरी-काळपट होतो. घरचा फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतो. अर्धकच्च्या फळाला हा त्रास जास्त होतो. पूर्ण पिकलेला अख्खा अननस भाजीच्या कप्प्यात 4-5 दिवस ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त दिवस हवा असेल तर चिरून फ्रीझरमध्ये टाका.

चिरलेल्या फोडी टेबलावर विसरणं

सर्वांत जास्त नासाडी इथेच होते. साल ही फळाची राखण. ती निघाली की घड्याळ सुरू झालं.

चिरण्याआधी अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा, कारण सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. आम्लात जंतू फारसे वाढले नाहीत तरी जिवंत राहू शकतात. मासळी कापलेली विळी किंवा फळी अननसाला वापरू नका. वापरायचीच असेल तर साबण आणि गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून. दीड किलोच्या अननसातून साल, डोळे आणि दांडा जाऊन साधारण निम्मा गर मिळतो, त्या अंदाजाने डबे काढून ठेवा.

फोडी 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हव्यात. मे महिन्यात स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर तापलेलं असेल तर 1 तासातच. घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा फूड-ग्रेड प्लास्टिकच्या उथळ डब्यात भरा. खोल पातेल्यात मधल्या फोडी गार व्हायला फार वेळ घेतात. अशा फोडी 3 ते 4 दिवस टिकतात. प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा घाला. मीठ चोळल्याने जिभेची चुणचुण कमी होते म्हणून जरूर चोळा, पण तेवढ्या मिठाने फोडी टिकत नाहीत.

बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. अॅल्युमिनियमचा टोपही त्याच कारणाने नको. उरलेलं अननसाचं सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातला गोव्याचा पदार्थ) शिजवलेल्या टोपात तसंच न ठेवता काचेच्या डब्यात काढा.

फोडींवर बारीक बुडबुडे, उघडताना झाकणाखालून सुटणारी हवा, दारूसारखा वास, बुळबुळीतपणा किंवा पांढरी साय दिसली तर पूर्ण डबा टाका. बुरशी आलेली एक फोड काढून बाकीच्या खाणं बरोबर नाही. रसातून ती सगळीकडे पोचलेली असते.

दही, दूध किंवा क्रीममध्ये ताजा अननस घालून ठेवला की ते पातळ आणि कडू होतं. हे नासणं नव्हे. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. जिलेटिनची जेली याच कारणाने बसत नाही. चायना ग्रासला (समुद्री शेवाळापासूनच्या अगर-अगरला) मात्र ते काही करू शकत नाही. गोठवून ब्रोमेलेन मरत नाही, उकळून मरतं. तेव्हा फोडी 5 मिनिटं चांगल्या उकळून, पूर्ण गार करून मगच दुधादह्यात घाला. डब्यातला अननस कारखान्यातच तापवलेला असतो, त्यामुळे तो थेट चालतो.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवणं

अननसाच्या डब्याला आतून बहुधा कथिलाचा मुलामा असतो. डबा बंद असेपर्यंत आत ऑक्सिजन जवळपास नसतो, म्हणून मुलामा फार हळू विरघळतो. उघडला की हवा आणि आम्ल दोन्ही एकत्र येतात आणि कथिल वेगाने पाकात उतरतं. आधी लोखंडी चव येते. कथिल जास्त झालं तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते. डबाबंद अन्नासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला 250 मिलिग्रॅम आहे. वर फॉइल लावून डबा ठेवल्याने काही साधत नाही. उघडल्याबरोबर चकत्या पाकासकट काचेच्या बरणीत काढा. चकत्या पाकात बुडालेल्या हव्यात. 5 ते 7 दिवसांत संपवा. 850 ग्रॅमचा मोठा डबा दोन पेस्ट्रींसाठी फोडण्यापेक्षा छोटा घ्या.

न उघडलेला डबा गॅसजवळच्या किंवा सिंकखालच्या कप्प्यात नको. एकीकडे उष्णता, दुसरीकडे दमट हवा. जुलैपर्यंत शिवणीवर गंज चढतो. भिंतीपासून थोडा दूर, लाकडी फळीवर ठेवा आणि जुना पुढे, नवा मागे लावा. आम्लयुक्त फळांचे डबे 12 ते 18 महिन्यांत वापरावेत, मात्र छापलेली तारीख आधीची असेल तर ती पाळा.

कापडाने पुसला जाणारा वरवरचा गंज चालतो. खड्डे पडलेला गंज, शिवणीवरचा पोचा, गळती किंवा फुगलेलं झाकण असेल तर डबा बाद. फुगवटा आम्ल आणि धातूच्या क्रियेतून निघालेल्या हायड्रोजननेही येतो आणि जंतूंनी केलेल्या वायूनेही. घरी फरक कळत नाही, म्हणून चाखून पाहू नका. उघडताना पाक फवाऱ्यासारखा उडाला तरी टाका.

जुन्या जॅमच्या बरणीत घरगुती ‘डबाबंद’ अननस

गरम पाकातल्या फोडी धुतलेल्या बरणीत भरून फळीवर ठेवणं धोक्याचं. जुनं झाकण हवाबंद बसत नाही, यीस्ट आत राहतं, वायू साठून बरणी फुटूही शकते. फळीवर टिकवायचा असेल तर साखर 65 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत शिजवलेला जॅम करा. फोडीच हव्या असतील तर फ्रीझर बरा.

ओल्या फोडींचा एक मोठा गोळा गोठवणं

2 ते 3 सेंटिमीटरच्या फोडी कापडावर टिपून ट्रेमध्ये एकाच थरात पसरा. 2-3 तासांनी कडक झाल्या की पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. उणे 18 अंशांवर 10 ते 12 महिने चव चांगली राहते. वितळल्यावर त्या मऊ पडतात, म्हणून रस, शिरा किंवा सासवाला वापरा.

पावसात वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे 48 तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला 24 तास. फ्रिजमधल्या छोट्या कप्प्याला एवढा भरवसा नाही. खालच्या फ्रिजचा थंडावा 4 तास धरा. वीज आल्यावर फोडींत बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण वितळून कोमट झाल्या असतील तर टाकून द्या.