सोल्डरिंग शिकताय? आयसीला दोष देण्याआधी या चुका टाळा

हॉबी क्लबमध्ये नव्याने आलेल्यांच्या हातात पहिला प्रोजेक्ट बहुधा ५५५ टायमरच्या ब्लिंकरचा, म्हणजे एलईडी लुकलुकवणाऱ्या सर्किटचा पडतो. एक आयसी म्हणजे ५५५ ची चिप, दोन-तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर, एक एलईडी. बॅटरी जोडली आणि एलईडी लुकलुकला नाही की लगेच निकाल लागतो: "आयसी उडाला." मग पुण्यात पसोड्या विठोबाच्या बाजूला नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर होते, नवा आयसी येतो, आणि तोही तसाच गप्प बसतो. आयसी इतक्या सहज मरत नाही. दोष शोधायचा तो बोर्ड उलटा करून, जोडांमध्ये.

बिटवर सोल्डर उचलून नेणे

सगळ्यात जास्त बोर्ड या एका सवयीने बिघडतात. सोल्डरच्या तारेचा थेंब बिटवर, म्हणजे आयर्नच्या तापलेल्या टोकावर घ्यायचा आणि तो पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या टिकलीवर नेऊन टेकवायचा. दिसायला सोपं, पण तारेच्या पोटात फ्लक्स म्हणजे राळ भरलेली असते आणि ती तापलेल्या बिटवर दोन-तीन सेकंदांत धूर होऊन जाते. थेंब पॅडपर्यंत पोचेतो नुसता धातू उरतो. तांब्यावरचा ऑक्साइड साफ करायला काहीच नसतं, त्यामुळे सोल्डर पसरत नाही. पॅडवर बुंदीसारखा गोल दाणा बसतो, आत पाय मोकळाच. हेच ते ड्राय सोल्डर.

क्रम असा ठेवा: बिट पॅडला आणि कॉम्पोनंटच्या पायाला एकाच वेळी टेकवा. सेकंद-दीड सेकंद थांबा. मग तार समोरच्या बाजूने, पायाला लावा, बिटला नाही. जागा तापलेली असेल तर सोल्डर आपोआप पायाभोवती धावतं. आधी तार काढा, मग बिट. सगळं मिळून तीन-चार सेकंद. त्यानंतर हात स्थिर ठेवा आणि फुंकर मारू नका.

स्थिर का, तर ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ ते साधारण १९० अंश सेल्सिअसच्या मध्ये अर्धवट घट्ट असतं. तेवढ्यात पाय हलला की जोड आतून भेगाळतो. ६३/३७ मध्ये ही मधली अवस्थाच नाही, १८३ अंशांना ते एकदम गोठतं. म्हणून शिकणाऱ्याने दुकानात ६३/३७, बावीस गेजची तार मागावी. अठरा गेजची जाड तार छोट्या पॅडवर ढीग करते. लीड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि हाताला कमी सवड देतं. ते नंतर शिका. त्याचा चांगला जोडही थोडा निस्तेजच दिसतो, त्यामुळे चकाकीवर न जाता उतार बघा. कडेला सोल्डर पॅडवर सपाट मिसळलेलं आणि पायाकडे चढत गेलेलं असलं की जोड बरा.

ग्राउंडच्या रुंद तांब्यावर मात्र हे गणित बदलतं. तिथे उष्णता पसरून जाते, म्हणून छत्रीच्या काडीसारखी टोकदार बिट सोडून छिन्नीसारखी चपटी बिट लावा आणि वेळ थोडा जास्त द्या.

काळी पडलेली बिट पॉलिश पेपरने घासणे

जुने मेकॅनिक बिट कानशीने घासायचे आणि त्यांचं बरोबर होतं, कारण ती नुसत्या तांब्याची असायची. आजच्या बहुतेक बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो खरवडला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो. बिट ओल्या स्पंजवर किंवा पितळी जाळीत पुसा, लगेच थोडं सोल्डर लावा, आणि काम संपल्यावरही टोकावर सोल्डर ठेवूनच बटण बंद करा. साध्या पंचवीस वॅटच्या आयर्नला तापमानाचं नियंत्रण नसतं. तासभर नुसतं चालू ठेवलं तर बिट काळी पडणारच. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन असेल तर शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश पुरतात. सोल्डर धरत नाही म्हणून ४५० वर नेणं हा उपाय नाही, त्याने पॅड उचलतो.

मिळेल ती पेस्ट वापरणे

पत्रा आणि पाइप जोडायच्या फ्लक्समध्ये ॲसिड किंवा झिंक क्लोराइड असतं. जोड झकास बसतो, पण महिन्या-दोन महिन्यांत तांब्यावर हिरवं चढतं आणि ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ खाल्ली जाते. डब्यावर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं लिहिलेलं नसेल तर तो डबा टेबलावरही नको.

पिवळ्या दिव्याखाली रंग वाचणे

६८ के (किलो-ओहम) रेझिस्टरवर निळा, करडा, नारिंगी पट्टे असतात आणि ६.८ के वर निळा, करडा, लाल. पिवळसर प्रकाशात नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. लावण्याआधी मल्टिमीटरवर मोजा, दहा सेकंदांचं काम आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची पट्टी ऋण बाजूला असते, डायोडची पट्टी कॅथोडला, एलईडीचा लांब पाय धन. कपॅसिटर उलटा लागला तर तापून फुटूही शकतो.

एसएमडी दोन्ही बाजूंनी एकदम चिकटवणे

एसएमडी म्हणजे बिनपायांचे, थेट पॅडवर बसणारे बारीक भाग. त्यातला ०८०५ आकाराचा रेझिस्टर जेमतेम दोन मिलिमीटर लांब असतो. दोन्ही पॅडवर आधीच सोल्डर घातलं की तो वाकडा बसतो, नाहीतर बिटलाच चिकटून निघून येतो. एकाच पॅडवर थोडं सोल्डर घाला. चिमट्याने भाग धरून ते वितळवा, भाग आत सरकवा, बिट काढा, गोठेपर्यंत चिमटा सोडू नका. मग दुसरी बाजू नीट झाळा आणि शेवटी पहिल्या बाजूला फ्लक्स लावून पुन्हा एकदा उष्णता द्या. तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरवर आकडा छापलेला नसतो, म्हणून पॅकिंगच्या पट्टीतून एका वेळी एकच काढा. सुटे मिसळले की डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत.

धुराबद्दल: तो शिशाचा नाही, राळेचा असतो. शिसं उकळायला सतराशे अंशांच्या पुढे जावं लागतं. पण राळेच्या धुराने दमा होऊ शकतो, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते हातावरून. वडापावला हात लावण्याआधी साबणाने धुवा. वितळलेलं सोल्डर जमिनीवर झटकू नका, आणि पाय कापताना चष्मा घाला.

ब्लिंकर चालत नसेल तर

बॅटरी जोडण्याआधी पुरवठ्याच्या दोन टोकांत मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाते का ते बघा. मीटर वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. शेजारच्या पिनांमधला सोल्डरचा पूल भिंगातून शोधा. नऊ व्होल्ट जोडल्यावर १ आणि ८ नंबरच्या पिनवर व्होल्टेज मोजा, पण बोर्डाच्या वरच्या बाजूने, आयसीच्या पिनवरच. ट्रॅकवर नऊ आणि पिनवर शून्य म्हणजे मधला जोड ड्राय. प्रोब हलकाच टेकवा. दाबलात तर जोड तेवढ्यापुरता जुळतो आणि मीटर फसवतो. आयसी खोचायचा बेस वापरला असेल तर एखादी पिन पोटाखाली दुमडली गेली आहे का तेही बघा, वरून ती बसल्यासारखीच दिसते.

एलईडी सतत लागून राहिला तर घाबरू नका, ही तर उपयोगी खूण आहे. १ के, ६८ के आणि १० मायक्रोफॅरडला सेकंदाला साधारण एक लुकलुक मिळते. कपॅसिटरचा जोड सुटलेला असेल तर सर्किट इतक्या वेगाने चालू-बंद होतं की डोळ्याला दिवा स्थिर वाटतो. नुसताच भरभर थरथरत असेल तर ६८ के च्या जागी ६.८ के बसलाय.

दोष सापडेना तर सगळ्या जोडांना थोडा फ्लक्स लावून एकेक पुन्हा वितळवा. भाग काढायचाच झाला तर आधी त्या जोडावर नवं सोल्डर घाला, मग डिसोल्डर पंप लावा. जुनं कोरडं सोल्डर पंपाला येत नाही आणि लोक बिट दाबत बसतात. ट्रॅक उचललाच तर पुढच्या भागावरचा हिरवा थर ब्लेडने खरवडा आणि कापलेल्या पायाचा तुकडा जंपर म्हणून, म्हणजे तुटलेला भाग जोडणारी तार म्हणून तिथे झाळा.