आघात सोसलेल्या मुलांना टेकडीवर सायकल शिकवताना

बालगृहातल्या मुलांना डोंगरवाटेवर सायकल शिकवायची असेल, तर पहिला धडा ब्रेकचा द्या. पेडलची पाळी नंतर. कुठे राहायचं, कुणाबरोबर जायचं, हे ज्याच्या बाबतीत आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं, त्या मुलाला आपल्याच हातांनी कळायला हवं की वाटेल तेव्हा थांबता येतं. खालची सगळी आखणी, अगदी टायरमधल्या हवेपर्यंत, या एका गोष्टीसाठी आहे. हिशेब धरलाय तो असा: १० ते १४ वयाची सहा मुलं, १० आठवडे, दर आठवड्याला एकदा दीड तास. सोबत तीन मोठी माणसं हवीत, त्यांतलं एक मुलांचं समुपदेशन करणारं. सायकल ही समुपदेशनाला जोड आहे, त्याच्या बदली नाही.

आधीची कागदपत्रं

बाल कल्याण समिती आणि संस्थेचे अधीक्षक, दोघांचीही लेखी परवानगी घ्या. टेकडी वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनखात्याचीही. शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झालेली असावी, आणि कोणतंही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर नजरेआड जाणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. दमा, फिट येणं, नुकतंच मोडलेलं हाड, गुंगी आणणारी औषधं यांची माहिती आधी विचारा. मुलाबरोबर काय घडलं ते मात्र विचारू नका. कशाने दचकतं, कशाने शांत होतं, एवढं कळलं तरी काम भागतं.

फोटोंचा मोह आवरा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. पाठमोरा फोटोसुद्धा गणवेशावरून किंवा जागेवरून ओळखू येतो.

सायकल मुलाच्या मापाची करा

या वयाला बहुतेक २४ इंची चाकाची सायकल बसते, अगदी लहान चणीच्या मुलाला २० इंची. मागे-पुढे शॉकअप असलेली स्वस्त सायकल दिसायला भारी असते, पण ३० किलोच्या मुलाच्या वजनाने तिची स्प्रिंग दबतच नाही आणि दोन-तीन किलोंचं ओझं उगाच वाढतं. साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), चांगले व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) आणि दोन इंच रुंदीचा खाचांचा टायर पुरे. सहा मुलांना सात सायकली ठेवा, एक तरी ऐनवेळी बिघडतेच.

सगळ्यांत जास्त वेळ ब्रेकच्या दांडीवर घालवा. कारखान्यातून आलेली दांडी मोठ्या हाताच्या मापाची असते. लहान मूल ती ओढायला मूठ सोडून बोटं ताणतं, आणि उतारावर नेमका त्याच क्षणी हँडल सुटतो. दांडीच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते. त्यामुळे केबल थोडी ओढली जाते आणि पॅड रिमला घासू लागतात, म्हणून केबलच्या तोंडाशी असलेला गोल नट आत फिरवून केबल तेवढीच सैल करा. मूठ न सोडता तर्जनीचं पहिलं पेर दांडीवर बसलं पाहिजे. दांडी पूर्ण दाबल्यावरही ती आणि मूठ यांच्यात एक बोट जागा उरली पाहिजे. सगळ्या सायकलींना पुढचा ब्रेक एकाच हाताला ठेवा, नाहीतर सायकल बदलली की मूल पडतं.

दुकानदार हवा कडक भरतात, ४०-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). एवढ्या हवेने चाक दगडावर उडतं आणि मूल घाबरतं. ३०-४० किलोच्या मुलाला २२ ते २८ पुरे. त्याहून कमी केली तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आपल्या टेकड्यांवरचा खरा शत्रू बाभळीचा काटा. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. मोडलेलं टोक आत राहिलं तर पाच मिनिटांत पुन्हा हवा जाते. दर फेरीला चार ट्यूब, तीन टायर लिव्हर, हवेचा दाब दाखवणारा पंप, ॲलन की (षटकोनी पाने) आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत असू द्या.

हेल्मेट प्रत्येकाचं वेगळं, आत त्याने स्वतः निवडलेलं टोपणनाव. खाली सुती रुमाल बांधला की उवांचा प्रश्न राहत नाही, आणि त्यावरून कुणाला लाजही वाटत नाही. कड भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल एवढा. पट्टा मुलालाच लावू द्या. मदत लागली तर आधी विचारा, समोरून या, आणि ‘नको’ म्हटलं तर आरशासमोर दाखवा. चपलेवर बसवू नका, बुटांचे चार-पाच जोड ठेवा. ओढणी आणि सैल सलवार साखळीच्या बाजूला रबराने बांधायला सांगा.

पहिले काही आठवडे

ज्यांना सायकल येतच नाही त्यांच्या सायकलींची पेडल काढा. पाना १५ नंबरचा लागतो. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. सीट एवढी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग सपाट मैदानावर पायांनी ढकलत जाऊ दे. सीट मागून धरून पळणं ही आपली जुनी पद्धत, पण इथे ती टाळाच. मागून आलेला हात या मुलांपैकी अनेकांना दुसरंच काही आठवून देतो. सीटची उंची बदलायची तर मूल खाली उतरल्यावरच. सीटवर बसणंच कुणाला नकोसं होत असेल तर कारण विचारू नका. सीट खाली करून उभ्याने चालवू द्या, डोंगरवाटेवर निम्मा वेळ तसंच चालवायचं असतं.

ब्रेकच्या खेळाला फक्की लागते. मैदानावर एक मीटर अंतराने दोन रेघा आखा. पुढचं चाक त्या पट्ट्यात थांबवायचं. जमलं की अंतर अर्ध्या मीटरवर आणा. पट्टा कुठे आखायचा आणि किती वेगाने यायचं, हे मूल ठरवेल. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबायचे. नुसता पुढचा करकचून दाबला तर मागचं चाक उचलतं, नुसता मागचा दाबला तर मुरमावर सायकल घसरते. हे तोंडाने सांगण्यापेक्षा सायकल हातात धरून चालत करून दाखवा.

थांबण्याची खूण सगळ्यांनी मिळून ठरवा, उदाहरणार्थ उघडा तळहात वर. ही खूण कुणीही, कधीही, कारण न देता करेल आणि सगळे थांबतील. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं ती पुन्हा पुन्हा करून बघतात, मोठी माणसं खरंच थांबतात का ते तपासतात. दर वेळी थांबा. शिट्टी वापरू नका.

टेकडीवर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ६०० ते ८०० मीटरचा एकच फेरा निवडा, जिथल्या कोणत्याही जागेवरून पाच मिनिटांत चालत गाडीपाशी येता येईल. तीन आठवडे तोच फेरा, त्याच दिशेने. मोठ्यांना कंटाळा येईल. मुलांना मात्र पुढच्या वळणावर काय आहे हे माहीत असण्यानेच धीर येतो. बदल करायचा असेल तर आदल्या आठवड्यात सांगा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, सकाळी साडेसहा ते आठ. पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या दगडावर कोणताही टायर टिकत नाही. कुत्री अंगावर आली तर उतरायचं आणि सायकल मध्ये ठेवायची.

चढावर छाती धडधडते, हात घामेजतात. भीती वाटते तेव्हाही शरीर हेच करतं, आणि काही मुलं तिथेच गडबडतात. म्हणून चढाआधी सांगून ठेवा: ‘आता छाती जोरात उडेल, वर पोचलो की दोन मिनिटांत शांत होईल, हात ठेवून बघ.’ वर पोचल्यावर खरंच हात ठेवून मोजू द्या.

उतारावर मूल गोठलं तर ओळखू येतं: बोटं पांढरी पडेस्तोवर मूठ आवळलेली, श्वास रोखलेला, नजर कुठेतरी लांब. ओरडू नका, समोर उभे राहू नका. थोडं खालच्या अंगाला, बाजूला बसा आणि हळू बोला: ‘ब्रेक धरून ठेव. एक पाय टेकव. मी इथेच आहे.’ उतरायचं ते डोंगराच्या बाजूला, दरीच्या नव्हे. मग श्वास लांब सोडायला सांगा, आसपासच्या तीन गोष्टींची नावं विचारा. पुढे चालत जायचं की बसून, हे त्याला ठरवू दे. बाकीची मुलं वाट पाहतील, त्यांना तशी सवय लावा.

शिक्षा म्हणून सायकल कधीही काढून घेऊ नका. भांडण झालं, शिवी दिली, तरी पुढच्या आठवड्याची जागा पक्की. खाऊही बक्षीस नाही. निघण्याआधी अर्धं केळं, परतल्यावर शेंगदाण्याची चिक्की, सगळ्यांना सारखी. कुणी खिशात लपवून नेत असेल तर दटावू नका, दोन वड्या जास्तीच्या ठेवा.

मोकळ्या हवेत, शेजारी शेजारी चालताना मुलं अचानक काही सांगून जातात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ऐका, जास्त प्रश्न विचारू नका, त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तातडीची मदत १०९८ वर मिळते.

शेवट पहिल्याच दिवशी सांगा: दहा फेऱ्या. भिंतीवर दहा चौकोन काढा, दर आठवड्याला एक मुलांनीच रंगवायचा. यातलं एखादं मूल मध्येच घरी परत जातं किंवा दुसऱ्या संस्थेत हलवलं जातं, बऱ्याचदा एका दिवसाच्या सूचनेवर. त्याचं हेल्मेट त्याच्याबरोबर पाठवा, त्याचा हिशेब सुरुवातीलाच खर्चात धरा. पुढच्या फेरीला निघण्याआधी बाकीच्यांना सांगा की ते गेलं, आणि हेल्मेट घेऊन गेलं.